पथकात पहिल्यांदाच वाजवताय? टिपरू हातात घेण्याआधी कानांची तयारी

पुण्यात जून-जुलैपासून ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात, ते थेट अनंत चतुर्दशीपर्यंत. नव्या वादकाला पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. एक, हाताला फोड येतील, पट्टी बांधून वाजव. दोन, घरी गेल्यावर कानात सूं वाजेल, होईल सवय. पहिला सल्ला योग्य आहे, दुसरा कानाचं कायमचं नुकसान करणारा आहे. वाजवून वाजवून हाताला घट्टे पडतात, कानाला पडत नाहीत. सरावानंतर कान वाजणं ही आजचा आवाज कानाला झेपला नाही याची खूण आहे, आणि ती पहिल्या दिवसापासून गंभीरपणे घ्यायला हवी.

वादन सोडा असं इथे कुणी सांगणार नाही. फक्त कान सांभाळून कसं वाजवायचं, ते क्रमाने पाहू.

आत नेमकं काय बिघडतं

कानाच्या सर्वांत आतल्या भागात शंखिका नावाची गोगलगायीसारखी वळलेली नळी असते. तिच्यात प्रत्येक कानात साधारण १५,००० रोमपेशी असतात. आवाजाची कंपनं मज्जातंतूला समजतील अशा संदेशात बदलण्याचं काम या पेशी करतात. जन्मतः मिळालेला हा साठा माणसात पुन्हा तयार होत नाही. मोठ्या आवाजाने पेशी थकतात तेव्हा कान बधिर झाल्यासारखे वाटतात, दडे बसतात, सूं असा नाद येतो, आणि एक-दोन दिवसांत सगळं पूर्ववत झाल्यासारखं वाटतं. हे वारंवार घडलं की काही पेशी कायमच्या मरतात. पेशी वाचल्या तरी त्यांना मज्जातंतूशी जोडणारे धागे तुटू शकतात. असं झालं तर साध्या तपासणीत ऐकणं चांगलं दिसतं, पण गोंगाटात समोरच्याचं बोलणं उमगत नाही.

नुकसान आधी ३००० ते ६००० हर्ट्झ या उंच पट्टीच्या आवाजांत होतं, बहुधा ४००० च्या आसपास. याचं एक कारण कानाच्या बाहेरच्या नळीत आहे. तिचा आकारच असा आहे की ३००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज ती वाढवून आत पाठवते. बोलण्यातली स, श, च, थ, ख यांसारखी व्यंजनं ओळखायला हा भाग लागतो. म्हणून सुरुवातीला ‘ऐकू येत नाही’ अशी तक्रार नसते. आवाज ऐकू येतो, पण ‘सात’ म्हणाले की ‘साठ’, ते कळत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये किंवा कॅन्टीनमध्ये हे आधी जाणवतं.

टिनिटस, म्हणजे कर्णनाद, याच साखळीत पुढे येतो. कानाकडून काही पट्टीचे संदेश कमी येऊ लागले की मेंदू त्या पट्टीसाठी स्वतःची संवेदनशीलता वाढवतो आणि बाहेर काहीही नसताना नाद ऐकू येतो. कुणाला बारीक शिट्टी, कुणाला रातकिडे, कुणाला वाफ सुटल्यासारखा सळसळाट. काहींचा तो जातो, काहींचा कायम राहतो.

किती आवाज, किती वेळ

डेसिबलची मोजपट्टी सरळ बेरजेची नाही. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मी होते. कामगारांच्या आरोग्यासाठी वापरला जाणारा सावध हिशेब असा आहे: ८५ डेसिबलला ८ तास, ८८ ला ४, ९१ ला २, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास, १०० ला पाव तास. १०६ डेसिबलला चार मिनिटांच्या आतच दिवसाचा कोटा संपतो.

पुण्यातल्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकांत आवाज मोजतात. त्यांच्या नोंदींत १०० च्या वरचे आकडे अनेकदा आले आहेत, आणि तो चौकातला आवाज आहे. वादकाचा कान वाद्यापासून हातभर अंतरावर असतो.

सगळ्या वाद्यांचा त्रास सारखा नसतो. ढोलाचा ठोका खर्जातला, तो छातीत जाणवतो. ताशा कमरेपाशी, तोंड वर करून लटकवलेला असतो. काडीचा प्रत्येक फटका सरळ वादकाच्या चेहऱ्याकडे येतो, आणि तर्रीत, म्हणजे ताशाच्या वेगवान झडीत, असे फटके सलग पडतात. टणक, उंच पट्टीचा, अचानक उसळणारा हा आवाज कानाला सर्वांत वाईट. कान स्वतःला वाचवण्यासाठी आतला एक छोटा स्नायू आवळतो खरा, पण तो आवळेपर्यंत फटका आत पोचलेला असतो. झांज आणि टोलही उंच पट्टीतलेच. थोडक्यात, ताशावाल्यांनी आणि ताशांच्या लगेच पुढे-मागे उभं राहणाऱ्यांनी सर्वांत जास्त काळजी घ्यायची.

मोबाइलवरच्या डेसिबल अ‍ॅपचा आकडा पक्का धरू नका. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, ताशाजवळ तो चेपतो आणि आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतो. इथे आवाज जास्त की तिथे, एवढ्या तुलनेसाठी अ‍ॅप ठीक. त्याहून सोपी खूण म्हणजे हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर तिथला आवाज ८५ च्या वर आहे असं समजा.

हंगामाआधी एक चाचणी

सराव सुरू होण्याच्या आधीच्या आठवड्यात ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करून घ्या. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे, ऑडिओलॉजिस्टकडे किंवा मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात ती होते. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. चाचणीच्या आधी निदान १४ तास मोठ्या आवाजापासून दूर राहा, इअरफोनही नको. नाहीतर थकलेल्या कानाची नोंद होईल आणि पुढची तुलना फसेल.

नेहमीच्या चाचणीत काही ठिकाणी ३००० आणि ६००० हर्ट्झ वगळतात. ते मुद्दाम मागून घ्या, तुमच्या कामाचे तेच आहेत. आलेखात उजवा कान लाल गोलाने, डावा निळ्या फुलीने दाखवतात. रेघ जितकी खाली, तितकं ऐकणं कमी. ४००० पाशी खड्डा आणि ८००० ला रेघ पुन्हा वर, हा आवाजाने झालेल्या इजेचा ओळखीचा नमुना आहे. कागद फाइलमध्ये ठेवा आणि फोटोही काढून ठेवा.

त्याच भेटीत कानात मळ दाटलेला आहे का, पडद्याला छिद्र आहे का, हेही पाहून घ्या. कान वाहत असेल किंवा पडदा फाटलेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय इअरप्लग (आवाज अडवणारं कानातलं बूच) घालायचा नाही.

कोणता इअरप्लग

सुरुवातीला फोमचे साधे प्लग पुरतात. औद्योगिक सुरक्षेच्या वस्तू विकणाऱ्या दुकानात आणि ऑनलाइन ते स्वस्तात मिळतात. दोरी असलेले घ्या. मिरवणुकीत एक पडला तर पायदळी जात नाही. पाकिटावर एनआरआर किंवा एसएनआर असा, प्लग किती डेसिबल अडवतो ते सांगणारा आकडा असतो. एकाच प्लगचा एसएनआर मोठा दिसतो, म्हणून दोन पाकिटांची तुलना एकाच मापाने करा.

पाकिटावरचा आकडा प्रयोगशाळेतला असतो. प्रत्यक्षात मिळणाऱ्या बचावाचा सावध अंदाज असा काढतात: एनआरआरमधून ७ वजा करा आणि उरलेल्याचं निम्मं धरा. एनआरआर २९ असेल तर ११ डेसिबल. कानापाशी १०० डेसिबल असेल तर आत ८९ पोचतात, आणि पाव तासाऐवजी सुमारे तीन तास मिळतात. दोन तासांचा सराव त्यात बसतो. कानापाशी १०६ असतील तर आत ९५, म्हणजे पाऊण तासाच्या जरा वर. म्हणून ताशावाल्यांना प्लग घालूनही मध्येच थांबावं लागतं. प्लग नीट बसवला तर बचाव या अंदाजापेक्षा बराच जास्त मिळतो, म्हणून पुढचा भाग लक्ष देऊन वाचा.

कापसाचा बोळा जेमतेम काही डेसिबल अडवतो आणि वर सुरक्षित असल्याचा खोटा भरवसा देतो. फेट्याने कान झाकले तरी बचाव होत नाही. इअरफोन कोंबून वाजवणं तर नकोच. वादकांसाठी फिल्टर असलेले सिलिकॉनचे प्लगही मिळतात. ते फोमपेक्षा बरेच महाग असतात, आवाज कमी अडवतात, पण सगळ्या पट्ट्यांत सारखा कमी करतात, त्यामुळे ताल स्पष्ट राहतो. ढोलाच्या मागच्या रांगेला ते चालतात. ताशाला फोमच बरा.

प्लग घालायची रीत

१. हात धुवा. गुलालाचे, तेलकट किंवा घामट हात प्लगला लावले तर कानाच्या नळीत जंतुसंसर्ग होतो. मिरवणुकीत गुलाल उधळायच्या आधीच प्लग घालून घ्या.

२. प्लग तीन बोटांत धरून वळा, काडेपेटीच्या काडीपेक्षा थोडा जाड होईपर्यंत. त्यावर घडी किंवा सुरकुती राहू देऊ नका, तिच्यातून आवाज आत शिरतो.

३. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा. कानाची नळी वाकडी असते, ओढल्याने ती सरळ होते. बहुतेक जण हीच पायरी गाळतात आणि मग प्लग अर्धा बाहेर राहतो.

४. प्लग लगेच आत सरकवा आणि बोटाने २० ते ३० सेकंद धरून ठेवा. तो फुगून नळी भरेपर्यंत बोट काढायचं नाही.

५. पारखा. समोरून पाहणाऱ्याला प्लग कानाबाहेर डोकावताना दिसला नाही पाहिजे. मग दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबा आणि सोडा. आवाजात फारसा फरक जाणवला नाही तर प्लग बरोबर बसलाय. दाबल्यावर आवाज एकदम कमी झाला तर काढा आणि पुन्हा घाला.

काढताना हळूहळू पिळत बाहेर घ्या. झटक्यात ओढला तर आतली हवा खेचली जाऊन पडद्याला त्रास होतो. मळला, चिकट झाला किंवा वळल्यावर फुगेनासा झाला की टाकून द्या. घाम पकडतो म्हणून मिरवणुकीच्या दिवशी खिशात झाकणाच्या डबीत किमान दोन जोड्या हव्यात. आपला प्लग दुसऱ्याला देऊ नका.

एक चूक जवळजवळ सगळे करतात: बोलायला म्हणून प्लग काढायचा आणि तसंच वाजवत राहायचं. ऊर्जेच्या हिशेबाने, वादनाच्या ९० टक्के वेळ प्लग घातला आणि १० टक्के वेळ उघड्या कानाने वाजवलं, तर प्लग कितीही भारी असो, एकूण बचाव १० डेसिबलच्या वर जात नाही. निम्मा वेळ काढला तर तो ३ डेसिबलवर येतो, म्हणजे जवळपास नसल्यासारखाच. बोलायचं असेल तर रांगेतून बाहेर या, आवाजापासून लांब जा, मग काढा.

प्लग घालून वाजवायला शिकणं

पहिल्या दिवशी विचित्र वाटेल. स्वतःचा आवाज आणि श्वास डोक्यात घुमतो, ताशा लांब गेल्यासारखा वाटतो. फोम उंच पट्टी जास्त अडवतो आणि खर्ज कमी, म्हणून ढोल जाणवत राहतो पण तर्री बोथट होते. नवे वादक इथे दोन गोष्टी करतात. एक तर प्लग काढून टाकतात, नाहीतर ऐकू येत नाही म्हणून जास्त जोरात मारतात आणि हात दुखावून घेतात. आठ-दहा सराव द्या, कान नव्या तोलाला रुळतो. म्हणूनच प्लग सरावाच्या पहिल्या दिवसापासून हवेत. थेट मिरवणुकीत पहिल्यांदा घातले तर पहिल्या चौकातच निघतील.

सूचना तोंडी न देता हाताने किंवा ध्वजाने द्यायची पद्धत पथकाने लावून घ्यावी. हात (म्हणजे वाजवायचा ताल) बदलणं, थांबणं, पुढे सरकणं आणि ‘अडचण आहे’, एवढ्या चार खुणा सगळ्यांना पाठ असल्या तरी काम भागतं. शिट्टी वापरत असाल तर ती कुणाच्या कानाजवळ वाजवू नका. जवळून वाजलेली शिट्टी स्वतःच इजा करते.

जागा आणि विश्रांती

पत्र्याची शेड आणि पुलाखालची जागा सरावाला सोयीची वाटते, पण पत्रा आणि काँक्रीट आवाज परत फेकतात. शक्य असेल तर ताशाची रांग उघड्या बाजूकडे तोंड करून उभी करा. मोकळ्या मैदानात एका वाद्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. अरुंद रस्त्यात, दोन्हीकडे इमारती असताना, किंवा वाद्यांची लांब रांग असताना तेवढा उतरत नाही. मागे डीजेची भिंत असेल तर पथकाने तिच्यापासून जितकं दूर राहता येईल तितकं राहावं. त्या आवाजावर मात करायला जोरात वाजवणं म्हणजे स्वतःच्याच कानांवर घाव घालणं.

ताशावाल्यांना दर वीस मिनिटांनी बदली द्या. विश्रांती म्हणजे रांगेच्या मागे बसणं नव्हे, तर एखादी गल्ली ओलांडून जिथे साधं बोलणं ऐकू येतं तिथे जाणं.

वाजवून झालं की कानाला शांतता लागते. घरी जाताना इअरफोन नको, गाडीत मोठ्याने गाणी नकोत. सावरायला १६ ते ४८ तास लागू शकतात. रात्रीच्या सरावानंतर सकाळी उठल्यावरही कान वाजत असतील तर त्या दिवशी वाजवू नका. हे पथकप्रमुखाला सांगायला संकोच वाटतो, पण हाताला दुखापत झाली असती तर सांगितलंच असतं.

डॉक्टरांकडे कधी

४८ तासांनंतरही नाद किंवा बधिरपणा राहिला तर चाचणी करून घ्या. एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. अचानक आलेल्या बहिरेपणात स्टेरॉइड्सचा उपयोग होऊ शकतो, पण ती पहिल्या दिवसांत सुरू व्हावी लागतात. दोन आठवड्यांनंतर संधी झपाट्याने कमी होते. ‘मळ असेल, आठवड्याने बघू’ या विचारात ती वेळ निघून जाते. नाद फक्त एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्यांबरोबर धडधडत असेल, किंवा सोबत चक्कर येत असेल, तरीही लवकर दाखवा. त्याची कारणं वेगळी असू शकतात. जेंटामायसिन, अमिकासिन, सिसप्लॅटिन किंवा मोठ्या मात्रेत अ‍ॅस्पिरिन घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. ही औषधं कानाला इजा करू शकतात. स्वतःहून मात्र कोणतंही औषध बंद करू नका.

कानात कोमट तेल किंवा लसणाचं तेल घालू नका. इजा शंखिकेत आहे, तेल तिथपर्यंत पोचतच नाही, आणि पडद्याला छिद्र असेल तर ते आत संसर्ग नेतं. बड घालून कोरणं आणि रस्त्यावर कान साफ करून घेणंही नको.

नाद राहिलाच तर

कर्णनाद मुळापासून घालवणारी गोळी अजून सिद्ध झालेली नाही. गिंको बिलोबा, जस्त, मेलाटोनिन यांवर पैसे घालवू नका. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत कर्णनादासाठी या तिन्हींची शिफारस करू नये असं सांगितलं आहे. त्रास कमी करता येतो, हे मात्र खरं आहे. ऐकणं कमी झालं असेल तर श्रवणयंत्राने बाहेरचे आवाज परत येतात आणि नाद मागे पडतो. नादाकडे पाहायची मनाची रीत बदलणारी समुपदेशनाची पद्धत, म्हणजे सीबीटी, हिचा उपयोग अभ्यासांतून दिसला आहे.

घरी करण्यासारखं म्हणजे पूर्ण शांतता टाळा. रात्री पंखा किंवा पावसाचा आवाज हळू लावा, नाद बुडवण्याइतका मोठा नको, त्याच्या जरा खालीच. नाद पूर्ण झाकला तर मेंदूला तो दुर्लक्षित करायला शिकता येत नाही. दिवसातून दहा वेळा ‘आज किती वाजतोय’ असं तपासणं बंद करा. झोप सांभाळा. बहुतेकांना काही महिन्यांत नाद असूनही त्रास कमी जाणवतो. आणि मन फारच खचलं, जगणं नकोसं वाटू लागलं तर थांबू नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

प्रेक्षक, मुलं आणि पथकप्रमुख

मुलांना पथकाच्या समोर खांद्यावर बसवून उभं करू नका. त्यांच्या कानाची नळी अरुंद असते, मोठ्यांचा फोम त्यात बसत नाही. मुलांच्या मापाचे इअरमफ, म्हणजे पूर्ण कान झाकणारी हेडफोनसारखी झाकणं, घ्या. तान्ह्या बाळांना तिथे नेऊच नका. सुतळी बॉम्ब कुणाच्याही जवळ फोडू देऊ नका. एकाच धमाक्याने पेशी कायमच्या मरू शकतात.

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते ६. सणांसाठी सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. सवलत वेळेची आहे, कानाला ती लागू होत नाही.

पथकप्रमुखांनी नावनोंदणीच्या दिवशीच प्रत्येकाच्या हातात दोरीच्या प्लगच्या दोन जोड्या द्याव्यात आणि घालायची रीत समोर करून दाखवावी. पेहरावाची तपासणी होते तशी वादन सुरू होण्याआधी कानांचीही व्हावी: रांगेतून फिरायचं, ज्याचा प्लग बाहेर डोकावतोय त्याला परत बसवायला लावायचा. जुने वादक घालत नसतील तर नवे घालणार नाहीत, म्हणून सुरुवात पहिल्या रांगेपासून करा.

विसर्जन झाल्यावर दोन-तीन दिवस कानांना विश्रांती द्या आणि मग ऑडिओमेट्री पुन्हा करा, त्याच ठिकाणी, त्याच फ्रिक्वेन्सींवर. हंगामाआधीचा आणि आताचा कागद शेजारी ठेवा. ३०००, ४००० किंवा ६००० हर्ट्झला १० डेसिबल किंवा जास्त फरक पडला असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि महिन्याभराने चाचणी पुन्हा करा. फरक कायम राहिला तर पुढच्या वर्षी ताशा सोडून ध्वज घ्या किंवा ढोलाच्या शेवटच्या रांगेत जा, आणि सरावात फोमवर इअरमफही घाला. दोन्ही मिळून आणखी सुमारे ५ डेसिबलचा बचाव होतो.